कर्दळीला नुसती पानंच, फूल नाही. शिवाय पानांना ओळीने भोकं

खारघर_बाल्कनी: १२ इंची कुंडीत कर्दळ लावून आठ महिने झाले. ऊन सकाळी साडेनऊपर्यंतच. दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) देते. पानं हातभर झालीत, फुलाचा दांडा मात्र नाही. नवीन पान उघडतं तेच भोकांची ओळ घेऊन, काही उघडतच नाहीत. निमतेल दोनदा मारलं. काय करू?

पानफुटी: भोकांची ओळ ही पान गुंडाळणाऱ्या अळीची पक्की खूण. कर्दळीचं पान सुरळी होऊन बाहेर येतं. अळी त्या सुरळीला एकदाच आरपार पोखरते. पान उलगडलं की त्याच एका भोकाची ओळ होते. न उघडणारी पानं अळीने धाग्याने शिवलेली असतात. निमतेल वरून ओघळतं, आत पोचत नाही, म्हणून गुण आला नाही. शिवण बोटांनी हलकेच सोडवा. आत काळी विष्ठा दिसेल, तिथेच अळी असते. ती काढून साबणाच्या पाण्यात टाका. मग बीटीची (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) भुकटी पाकिटावरच्या मात्रेने कालवून संध्याकाळी थेट सुरळीच्या तोंडात ओता. अळीच्या पोटात गेली तरच ती लागू पडते. उन्हाने तिचा जोर जातो, पावसाने ती धुऊन जाते. आठवड्याने पुन्हा द्या. पानांखाली नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा (बुरशीचा रोग), ती पानं कापून कचऱ्यात टाका, कुंडीत नको.

ठाणे_गच्ची: फुलांसाठी आधी ऊन. कर्दळीला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवंच. बाल्कनीत तेवढं नसेल तर सोसायटीला विचारून कुंडी गच्चीवर न्या; याला दुसरा उपाय नाही. १९:१९:१९ बंद करा, दर आठवड्याच्या नत्राने पानंच माजतात. महिन्यातून एकदा दोन मुठी शेणखत पुरे. उन्हात नेल्यावर पंधरा दिवसांनी एकदा ००:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं खत), लिटरला १ ग्रॅम, पानांवर फवारा. कुंडी १६ इंची घ्या. फुलून गेलेला दांडा बुडापासून कापा.

पानफुटी: दांडा लगेच कापू नका. पहिला तुरा संपला की बहुतेक वेळा त्याच दांड्यावर खालच्या पानाच्या बगलेतून दुसरा येतो. तोवर फक्त सुकलेली फुलं आणि खरखरीत हिरवी बोंडं खुडा. बी धरलं की पुढचा बहर मंदावतो. नवा तुरा येईनासा झाला की मग बुडापासून.

ठाणे_गच्ची: बरोबर, घाई झाली.

खारघर_बाल्कनी: कंद आत्ताच वेगळे करू का? कुंडी पार फुगलीय.

ठाणे_गच्ची: जुलैच्या झडीत नको. लागलेल्या कर्दळीला पाणी चालतं, पण ताजा कापलेला कंद भिजल्या मातीत कुजतो. आत्ता मातीचा गोळा न फोडता अख्खा मोठ्या कुंडीत हलवा. फेब्रुवारीत प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे (कोंब फुटायच्या जागा) ठेवून कापा, काप राखेत बुडवून दोन दिवस सावलीत सुकवा, मग डोळे वर करून दोन इंच खोल लावा.