गोल्डफिशने ८०० रुपयांची झाडं आठवड्यात संपवली. आता काय लावू?

कोपरीकरीण (ठाणे पूर्व)

नमस्कार मंडळी. माझी ३ फुटी टाकी आहे, अंदाजे १०० लिटर पाणी. त्यात ४ गोल्डफिश, दोन साधे आणि दोन गुबगुबीत ओरांडा. दीड वर्ष प्लास्टिकच्या झाडांवर काढलं. गणपतीआधी घराला रंग दिला तेव्हा लेक मागे लागली, आई, आता तरी खरी झाडं आण. स्टेशनजवळच्या एका दुकानातून आणली. कबोम्बा, लाल लुडविगिया आणि एक हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, ज्याचं नाव दुकानदारालाही सांगता येईना. मासे खातील का विचारलं तर म्हणाला, "नाही हो ताई, बिनधास्त लावा."

शुक्रवारी रात्री लावली. शनिवारी सकाळी कबोम्बाच्या नुसत्या काड्या, कोथिंबीर निवडून झाल्यावर उरतात ना तशा. लुडविगिया पानांसकट पाण्यावर तरंगतोय. पट्टेवाल्याला कुणी तोंड लावलं नाही, पण आठवड्यात ते बुडापासून कुजलं आणि पाण्याला वास सुटला. मी माशांना उपाशी ठेवत नाही हो, दिवसातून दोनदा दाणे घालते. नवरा म्हणतो, पुढच्या वेळी सरळ मेथीची जुडी सोड, स्वस्तात पडेल.

काय लावू? कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वगैरे बसवणार नाही, आधीच सांगते.

नेरुळचा पेन्शनर

ताई, तुमची तीन झाडं तीन वेगळ्या कारणांनी गेली आहेत.

कबोम्बा खाल्ला. मऊ आणि बारीक पानांचं काहीही गोल्डफिशसमोर ठेवलं की ती कोशिंबीरच. लुडविगिया मात्र खाल्लेला नाही, उपटलाय. गोल्डफिश तोंडात खडी घेतो, घोळवतो, थुंकतो. दिवसभर हाच उद्योग. काल खोचलेलं झाड त्यात कसं टिकणार? आणि पट्टेवालं बहुतेक ड्रासीना असावं. ते कुंडीतलं झाड, पाण्यात बुडवून ठेवलं की कुजतंच. टाकीची झाडं म्हणून ते सर्रास विकतात. पाण्याबाहेर धरल्यावर काठीसारखं ताठ उभं राहिलं तर संशय घ्यायचा. पाण्यातली बहुतेक झाडं ओल्या केसांसारखी लोंबतात. अनुबियास याला अपवाद.

तुम्ही तोच घ्या. माझ्याकडे गोल्डफिश नाहीत, सिल्वर डॉलर आहेत, म्हणजे पिरान्हाचे शाकाहारी भाऊबंद. त्यांनी माझ्या टाकीतली ॲमेझॉन स्वोर्ड दोन दिवसांत शिरांपर्यंत सोलली होती. अनुबियासच्या कोवळ्या पानाला ते अधूनमधून चावा घेतात, जून पानाच्या वाटेला जात नाहीत. अनुबियास आपल्या अळूच्या कुळातला. पान जाड, चामड्यासारखं. अळू कच्चं चावून पाहिलं असेल तर मासे त्याच्यापासून लांब का राहतात ते वेगळं सांगायला नको. दुसरं जावा फर्न. तेही मासे तोंडात घेऊन सोडून देतात.

आता लावायची पद्धत, कारण निम्मे लोक इथेच झाड मारतात. दोघांचंही खोड हळकुंडासारखं आडवं असतं, खाली मुळं, वर पानं. ते खोड खडीत पुरायचं नाही. पुरलं की सडतं. दगडाला किंवा लाकडाला बांधायचं. याचा तुम्हाला दुहेरी फायदा, कारण दगडाला बांधलेलं झाड गोल्डफिशला उपटता येत नाही. शिवणाचा साधा सुती दोरा घ्या, तो कुजून सुटेपर्यंत मुळं दगड धरतात. घाई असेल तर फेविक्विकचा थेंब कोरड्या दगडावर. मुळं चिकटवा, खोडाला गोंद फासू नका.

दगड विकत आणू नका. आमच्या घरी आईचा वरवंटा मधोमध तुटला होता, टाकवत नव्हता. काळा पाषाण, पाण्यात काही सोडत नाही. पण त्यावर चाळीस वर्षांचं मिरचीचं वाटण झालेलं, म्हणून चार वेळा उकळलेल्या पाण्यात बुडवून ठेवला. आज त्यावर अनुबियास नाना (त्याची बुटकी जात) बसलाय आणि डॉलर त्याच्या आडोशाला झोपतात. दुसरा कुठला दगड असेल तर त्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर चुनखडी, नको.

एक सांगून ठेवतो, अनुबियास महिन्याला जेमतेम एखादं पान काढतो. दिवा दहा-बारा तास ठेवलात तर त्याच संथ पानांवर शेवाळ चढतं. सहा-सात तास पुरे.

ऐरोली_गप्पी

काकांशी सहमत, पण अनुबियासने १०० लिटर भरायची तर खिसा रिकामा होईल. दोन घ्या आणि बाकी जागा मनीप्लांटला द्या. फांद्या टाकीच्या काठावर, पानं बाहेर, फक्त मुळं पाण्यात. गोल्डफिशची घाण भरपूर, तीच मनीप्लांटचं खत. मुळं कुरतडतील, कुरतडू देत, परत फुटतात.

आणि ताई, दोनदा दाणे घातले तरी ते खाणारच. गोल्डफिशला जठर नसतं, त्यामुळे थोडं थोडं सतत चरणं हा त्याचा स्वभाव. त्याला चरायला दुसरं काही द्या. बाल्कनीत बादलीभर डकवीड वाढवा, ती मसूरपेक्षा बारीक तरंगती पानं. मूठभर टाकीत टाकली की संध्याकाळपर्यंत फस्त. बादलीत दोन गप्पी सोडायला मात्र विसरू नका, नाहीतर डास होतील आणि पालिकेची माणसं तपासणीला आली की बादली ओतून टाकायला लावतील, तेही बरोबरच आहे म्हणा. माझं आयडी-नाव त्यावरूनच पडलंय.

डकवीड नाही मिळालं तर मटार उकडून, साल काढून द्या. एका माशाला एक दाणा.

वॅलिस्नेरिया लावा असं कुणी सांगेल. माझ्या एका टाकीत तो रान माजल्यासारखा वाढलाय, दुसऱ्या टाकीत त्याच जातीच्या माशांनी मुळासकट संपवला. तेव्हा आधी दोनच रोपं लावून बघा.

कोपरीकरीण (ठाणे पूर्व)

सहा आठवड्यांनी लिहितेय. वरवंटा आमच्याकडे शाबूत आहे आणि सासूबाई तो हात लावू देणार नाहीत, म्हणून सोसायटीत काम चालू होतं तिथल्या वॉचमनदादांकडून काळे दगड मागून आणले. लिंबू पिळलं, फेस नाही. दोन अनुबियास, तीन जावा फर्न. ओरांडा पहिल्या दिवशी अनुबियासचं पान तोंडात धरून मागे खेचत होता, मग सोडलं, पुन्हा धरलं, मग गेला निघून. एका पानाला अर्धचंद्राएवढा तुकडा गेलाय, बस्स. मनीप्लांटची मुळं मात्र रोज कापलेली असतात.

एक काळजी आहे. जावा फर्नच्या पानांना मागून काळे ठिपके आलेत, ओळीने. रोग आहे का? कापू?

नेरुळचा पेन्शनर

कापू नका. ओळीने आणि पानामागे असतील तर ते बीजाणूंचे पुंजके, फर्नला असतातच. जुन्या पानाच्या टोकाला लहान रोपं फुटलेली दिसतील. मुळं बोटभर झाली की खुडून दुसऱ्या दगडाला बांधा.

कोपरीकरीण (ठाणे पूर्व)

एका पानाला फुटलंय! लेकीने दगड धुवायलासुद्धा घेतला.