इंडियन फील्ड्सच्या मैदानाची मांडणी

प्रश्न: अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या सेंट जॉर्जजवळचं, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या धार्मिक मेळाव्याचं इंडियन फील्ड्स मैदान नकाशावर पाहिलं. मध्ये मोठा मांडव, भोवती गोलाकार लाकडी घरं. हे पहिल्यापासून असंच आहे का? आणि वीज नसताना रात्रीच्या सभेला उजेडाचं काय करत?

उत्तर: आताची वसाहत १८४८ची. बिशप फ्रान्सिस अ‍ॅस्बरींनी १८०१ आणि १८०३ मध्ये उपदेश केला तो आधीच्या, जवळच्याच जागी. या दोन जागांची गल्लत फार होते, तेवढी सांभाळा. घरं ९९. वर्तुळामुळे प्रत्येक ओसरीचं तोंड मांडवाकडे येतं. खाली मातीची जमीन, तिच्यावर पेंढा; झोपायचं माडीवर. चूल मागच्या वेगळ्या खोपटात. सगळंच लाकूड, त्यामुळे आग घरापासून लांब ठेवणं भागच होतं.

उत्तर: उजेडासाठी उंच लाकडी मचाणं असत. वर मातीचा जाड थर आणि त्यावर राळेने भरलेल्या पाइनच्या ढलप्या पेटवायच्या. राळेमुळे ज्वाळा मोठी निघते, पण ढलपी भराभर जळून जाते, म्हणून सभा संपेपर्यंत कुणीतरी भर घालत राहायला हवं. पावसाने माती वाहून थर पातळ झाला की खालच्या फळ्या करपतात. आधी माती भरून घ्या, मगच जाळ! मला तर साऱ्या मैदानात हीच रचना सर्वांत हुशारीची वाटते.

प्रश्नकर्ता: आभार. मेळावा कधी भरतो?

उत्तर: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी संपणारा आठवडा. पिकं हाती आल्यावर शेतकऱ्यांना सवड मिळे.