मदत हवी आहे: मांजराला घरातच ठेवू की बाहेर सोडू?

राजारामपुरीची_सून: मांजर रात्रभर दाराशी ओरडतंय. दार उघडलं की पसार. आज कान फाटून आलं. सासूबाई म्हणतात, मांजर कुणी कोंडतं का? ह्यांचं म्हणणं, बाहेर सोडायचंच नाही. आज रात्रीपुरतं तरी सांगा, काय करू?

पंचगंगाकाठ: बोका की भाटी? वय काय? नसबंदी, लस झाली? कितवा मजला?

पेठकरी: सोडा की ओ बिनधास्त! आमच्या शिवाजी पेठेत मांजरं कौलांवरनंच फिरत्यात. कोंडलं तर जीव घुसमटतोय त्याचा.

मनीची_आई: पेठकरी, आमच्या गल्लीत कुणीतरी उंदरांना औषध घातलं. तसला उंदीर खाऊन आमची भाटी गेली. कौलावर फिरणारीच होती ती.

पेठकरी: म्हणून सगळ्यांनी दारं लावून घ्यायची?

कळंबेकर: दूध देता का? मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूध पचत नाही, जुलाब होतात.

राजारामपुरीची_सून: दुधाचा प्रश्नच नाही ओ! बोका आहे, नऊ महिन्यांचा. दुसरा मजला. ऑपरेशन नाही केलं. लस एकच झालीय, रेबीजची राहिली.

पंचगंगाकाठ: मग ओरडणारच. पाच-सहा महिन्यांत बोका वयात येतो, भाटीच्या मागं जातो, दुसऱ्या बोक्यांशी भांडतो. नसबंदीनं हे पुष्कळ कमी होतं, पण लगेच नाही, काही आठवडे लागतात. तोवर घरातच ठेवा. उद्या आधी कान दाखवा. चावलेली जखम वरनं मिटते आणि आत पू धरतो. कान पुसताना तुम्हाला दात-नख लागलं असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि सीपीआरला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जाऊन रेबीजची लस घ्या. ह्यात चालढकल नको.
आज झोपायच्या आधी दोरीमागं दमेपर्यंत पळवा, मग पोटभर खायला घाला. ओरडला तरी दार उघडू नका. एकदा उघडलं की उद्या दुप्पट ओरडेल.

बावड्याचा_शेरू: पिसवा असतील तर आमच्या कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध लावा, एक नंबर आहे.

मनीची_आई: अजिबात नको! कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजराला झटके येऊन जीव जातो.

राजारामपुरीची_सून: नखं लागली नाहीत. सासूबाई दोरी घेऊन बसल्यात. गॅलरीला जाळी कुठली लावू, नायलॉन की लोखंडी?

पेठकरी: लोखंडीच घ्या. नायलॉन कुरतडतोय बोका.