एजन्सी बदलते, गेटवरचा रक्षक तोच. मग त्याची सेवा शून्यावर का?

पवईकर
मुंबईतल्या पुष्कळ सोसायट्या सुरक्षेचं कंत्राट दर अकरा-बारा महिन्यांनी नव्याने काढतात. एजन्सी नवी येते, रक्षक जुनाच राहतो. १ तारखेला त्याला नवं नियुक्तिपत्र मिळतं, आधीची वर्षं मोजली जात नाहीत, नव्या गणवेशाचे पैसे पहिल्या पगारातून कापले जातात आणि आठ तासांची ड्युटी बारावर जाते. हे त्याला कळतं मस्टरवर सही करताना. माझ्या मते याला एजन्सीइतकीच सोसायटीची कमिटीही जबाबदार आहे.

हिशेब करू. समजा पीएफ लागू असलेला पगार १५,००० रुपये. त्यावर मालकाचा पीएफ प्रशासकीय खर्च आणि विम्यासह १३ टक्के, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) ३.२५ टक्के, किमान बोनस ८.३३ टक्के. झाले १८,६८७. रिलीव्हर (सुट्टीवरच्या रक्षकाच्या जागी येणारा बदली माणूस), गणवेश, सर्व्हिस चार्ज, जीएसटी अजून धरलेलाच नाही. कोणी १७,००० चं कोटेशन देत असेल, तर कमी पडणारे पैसे रक्षकाच्याच खिशातून जाणार हे कमिटीला दिसायला हवं.

सचिव, मुलुंड
मान्य नाही. मेंटेनन्स दोनशे रुपयांनी वाढवला तरी एजीएममध्ये (वार्षिक सभेत) तासभर वाद होतो. शिवाय वाढीव दर दिला तरी तो रक्षकापर्यंत पोचतोच असं नाही. खरं दुखणं एजन्सीच्या व्यवस्थापनात आहे. रात्री फील्ड ऑफिसर फिरकत नाही, रिलीव्हर पाठवत नाहीत, आणि दिवसाच्याच माणसाला सलग चोवीस तास उभं करतात. यात आमच्या दराचा काय संबंध?

पवईकर
संबंध आहे, सचिवसाहेब. आठ तासांच्या तीन पाळ्या म्हणजे आठवड्याला २१ ड्युट्या. प्रत्येकाला एक साप्ताहिक सुट्टी दिली तर एका पॉइंटला (पहाऱ्याच्या जागेला) साडेतीन माणसं लागतात. तुमची कमिटी बिलात तीनच मंजूर करते. मग तो अर्धा माणूस आणायचा कुठून? डबल ड्युटी तिथूनच येते.

बारा तासांची पाळी स्वस्त पडते हाही गैरसमज आहे. रोजंदारी आठ तासांची धरली, तर वरच्या चार तासांना दुप्पट दर, म्हणजे एका माणसाला १६ तासांचे पैसे. दोघांचे ३२. आठ-आठ तासांच्या तिघांचे होतात २४. बारा तास स्वस्त वाटतात ते ओव्हरटाइम बुडवला जातो म्हणूनच.

साइट सुपरवायझर
एजन्सीच्या बाजूनेही बोलायला हवं. सोसायटी बिल ४५-६० दिवसांनी देते, पगार मात्र ७ तारखेला लागतो. लहान एजन्सी एवढं भांडवल अडकवू शकत नाही. तरीही पगार चिठ्ठीवर ३० ऐवजी २० हजेऱ्या दाखवून उरलेली रक्कम ‘भत्ता’ म्हणून देणं चूकच. सगळ्यांना सरसकट दिलेला भत्ता पीएफसाठी पगारातच धरावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलंय.

सचिव, मुलुंड
हजेऱ्या लपवल्या हे कमिटीला कळणार कसं? कमिटीतले लोक नोकरी सांभाळून हे काम करतात.

दादर कामगार मदत
कळतं. बिलाबरोबर मागच्या महिन्याचं पीएफचं ईसीआर (एजन्सी दरमहा भरते तो पीएफचा तपशील) मागा. त्यात प्रत्येक रक्षकाचं नाव, यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) आणि पगार असतो. तो सोसायटीच्या मस्टरशी ताडून बघा. दोन गेटच्या सोसायटीला अर्धा तास पुरतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी मुख्य मालक (ज्याच्यासाठी काम होतं तो) म्हणून सोसायटीवर येऊ शकते, त्यामुळे हे काम कमिटीच्याही हिताचं आहे.

एजन्सी बदलताना रक्षकांनी दोन गोष्टी जपाव्यात. यूएएन आणि ईएसआयचा विमा क्रमांक जुनाच द्यायचा. घाईत नवा क्रमांक काढला की आजारपणाच्या लाभाला लागणारे वर्गणी भरलेले ७८ दिवस तुटतात, आणि आजारी पडल्यावर पगाराच्या ७० टक्के मिळणारी रक्कम अडकते. जुनी एजन्सी पीएफमध्ये सोडल्याची तारीख टाकत नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी आधारच्या ओटीपीने ती स्वतः टाकता येते.

साइट सुपरवायझर
आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम? पाच वर्षं एकाच एजन्सीकडे भरतच नाहीत.

पवईकर
माझा मूळ प्रश्न तोच होता. म्हणून कंत्राटातच लिहून घ्या: जुने रक्षक ठेवले तर त्यांची आधीची सेवा नवी एजन्सी मोजेल, आणि ग्रॅच्युइटीची तरतूद बिलात वेगळ्या ओळीत दाखवेल.

सचिव, मुलुंड
आधीच्या चार वर्षांचा बोजा नवी एजन्सी का उचलेल? दुप्पट सर्व्हिस चार्ज मागेल. ही रक्कम सोसायटीनेच दरमहा वेगळ्या खात्यात ठेवावी, हे एक वेळ एजीएमसमोर मांडता येईल. ईसीआरची अट मात्र येत्या कंत्राटात घालायला माझी हरकत नाही.