मदत हवी आहे: घरच्या वायफायला डब्ल्यूपीए२ पुरेसं आहे का? (तातडीचं)

चाकरमानी_कल्याण
एकच प्रश्न आहे, कृपया मुद्द्याचं बोला. वर्क फ्रॉम होम करतो. कंपनीने फॉर्म पाठवलाय, त्यात घरच्या वायफायबद्दल हो/नाही करायचंय. फोनवर नेटवर्कच्या माहितीत 'डब्ल्यूपीए२' दिसतं (म्हणजे वायफायचा डेटा कुलूपबंद करण्याचा, एन्क्रिप्शनचा प्रकार). बाहेर बसून कोणी माझा डेटा चोरून वाचू शकतं का? गूगल करून झालं, कोणी म्हणतं अभेद्य, कोणी म्हणतं दहा मिनिटांत फुटतं. संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय.

गबाळग्रंथी
राउटर कोणता? एन्क्रिप्शन एईएस आहे की जुनं टीकेआयपी? डब्ल्यूपीएस (पिन किंवा बटणाने पटकन जोडायची सोय) चालू आहे का? पासवर्ड कसा आहे (इथे लिहू नका, फक्त प्रकार सांगा)?

चाकरमानी_कल्याण
राउटर नेहमीचा, पांढरा, दोन अँटेनावाला. पासवर्ड १० अक्षरी आहे. बाकी कुठे बघायचं असतं?

माईसाहेब
राउटर कपाटावर उंच ठेवा, मायक्रोवेव्हपासून लांब. आमच्याकडे तेवढ्यानेच बेडरूममध्ये रेंज यायला लागली.

नेटका_नाना
सोपा उपाय सांगतो. नेटवर्कचं नाव लपवा आणि मॅक फिल्टर लावा, म्हणजे यादीतल्या उपकरणांनाच आत प्रवेश. माझ्याकडे कित्येक वर्षं असंच आहे, एक चिटपाखरू आत आलेलं नाही.

गबाळग्रंथी
नाना, मॅक पत्ता (उपकरणाचा ओळखक्रमांक) डेटाच्या प्रत्येक पाकिटावर उघडाच जातो, डब्ल्यूपीए२ असो वा त्याची पुढची आवृत्ती डब्ल्यूपीए३. ऐकणाऱ्याला तो दिसतो, आणि दिसला की स्वतःच्या लॅपटॉपला चिकटवता येतो. नाव लपवलं तर तुमचा फोनच जाईल तिथे त्या नावाने हाका मारत फिरतो. आणि मुळात धागाकर्त्याने कोणी आत घुसेल का हे विचारलेलं नाही, कोणी ऐकेल का हे विचारलंय.

नेटका_नाना
मग चिटपाखरू का आलं नाही ते सांगा.

गबाळग्रंथी
आलं नाही हे कशावरून?

रात्रपाळी
डब्ल्यूपीए२ केव्हाच फुटलंय. २०१७ चं 'क्रॅक' (KRACK) नावाच्या हल्ल्याचं प्रकरण वाचा, बेल्जियमच्या ल्यूवेन विद्यापीठातल्या मॅथी व्हॅनहूफने शोधलेलं. डब्ल्यूपीए३ घ्या नाहीतर केबल ओढा. विषय संपला.

बिनतारी
विषय संपला नाही. क्रॅकने पासवर्ड कळत नव्हता. जोडणीच्या वेळी चार निरोपांची देवाणघेवाण होते, त्यातला तिसरा पुन्हा पाठवून एन्क्रिप्शनची जुनीच किल्ली पुन्हा बसवायला लावायची, अशी ती युक्ती होती. हल्लेखोर रेंजमध्ये हवा, आणि अपडेट आलेल्या फोन-लॅपटॉपवर ते भोक बुजलंय. खरं फुटलं ते डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीएच्या आधीचा जुना प्रकार. २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी त्यातली कमजोरी दाखवली आणि २००७ पर्यंत ते मिनिटाभरात उघडायला लागलं. डब्ल्यूपीए२ २००४ पासून आहे आणि त्यातलं एईएस अजून कोणी फोडलेलं नाही. फुटतो तो लोकांचा पासवर्ड. आणि डब्ल्यूपीए३ म्हणजे काही ब्रह्मास्त्र नव्हे. त्यातल्या त्रुटीही २०१९ मध्ये याच व्हॅनहूफने एयाल रोनेनबरोबर काढल्या होत्या.

रात्रपाळी
जुन्या अँड्रॉइडना अपडेट आलंच नाही, त्यांचं काय? आईचा फोन बघा एकदा.

बिनतारी
तो मुद्दा मान्य. चाकरमानी, दहा अक्षरी पासवर्ड म्हणजे दहा *आकडी* तर नाही ना?

चाकरमानी_कल्याण
आकडीच आहे. काकांचा मोबाइल नंबर. त्याने काय फरक पडतो?

बिनतारी
कोण काका?!

चाकरमानी_कल्याण
घरमालक. राउटर त्यांचा आहे, खाली त्यांच्या हॉलमध्ये. भाड्यातच वायफाय धरलंय. काका भला माणूस आहे, ते काही माझं वाचत बसणार नाहीत.

गबाळग्रंथी
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं!

बिनतारी
आता मुद्द्यावर येतो.

रेंजमध्ये बसून तुमचा फोन जोडला जात असतानाची देवाणघेवाण कोणी टिपली, की पासवर्डाचे पुढचे अंदाज तो घरी बसून करतो, राउटरला पत्ताही लागत नाही. अंदाज करणं महाग पडावं म्हणून पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ४०९६ वेळा घुसळतात. तरी चांगलं गेमिंग ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासतं. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८, ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. तास-सव्वातासात यादी संपते. काकांचा नंबर गेटवरच्या 'जागा भाड्याने देणे आहे' पाटीवर असेल तर तेवढेही कष्ट नकोत.

ही नुसती थिअरी नाही. २०२१ मध्ये सायबरआर्क कंपनीच्या एका संशोधकाने तेल अवीवमध्ये फिरून ५,००० वायफायचे नमुने गोळा केले आणि सुमारे ७० टक्क्यांचे पासवर्ड काढले. तिथेही लोक मोबाइल नंबरच ठेवतात. तिकडे नंबर ०५ ने सुरू होतो, त्यामुळे आठच आकडे शोधायचे होते.

आता प्रश्न असा, की काकांशिवाय हा पासवर्ड आणखी कोणाला ठाऊक आहे?

चाकरमानी_कल्याण
तळमजल्यावर चार कॉलेजची मुलं भाड्याने राहतात, त्यांना आहे. दूध घेऊन येणाऱ्या पोरालाही दिलाय बहुतेक. पण प्रत्येकाच्या फोनची किल्ली वेगळी असते असं वाचलं होतं?

बिनतारी
वेगळी असते, पण ती निघते त्याच पासवर्डातून, आणि बाकीचे घटक त्या देवाणघेवाणीत उघडे जातात. त्यामुळे पासवर्ड माहीत असलेल्याने तुमची जोडणी टिपली तर डब्ल्यूपीए२ मध्ये तुमची किल्ली त्याला काढता येते. जोडणी होईपर्यंत थांबायचीही गरज नाही, खोटा निरोप पाठवून तुम्हाला तोडायचं, फोन आपोआप परत जोडला जातो. डब्ल्यूपीए३ मध्ये हे दोन्ही अडवलंय: पासवर्ड कळला तरी टिपलेली रहदारी उलगडत नाही, आणि तोडण्याचे खोटे निरोप फोन मानत नाही.

सोनचाफा
बापरे, मग माझं यूपीआय? ओटीपी?

गबाळग्रंथी
घाबरू नका. बँकेची, यूपीआयची ॲप स्वतःचं कुलूप वेगळं लावतात, वायफाय उघडं असलं तरी मजकूर बंदच. एसएमएसने येणारा ओटीपी सहसा मोबाइल नेटवर्कवरून येतो, वायफायवरून नाही. ऐकणाऱ्याला दिसतं ते बहुतेक वेळा एवढंच, की कोणत्या साइटवर गेलात, कधी आणि किती डेटा गेला-आला.

रात्रपाळी
'एवढंच' म्हणे. तळमजल्यावरच्या पोरांना मी रोज दुपारी नोकरीच्या साइट बघतो हे कळलेलं चालेल का तुम्हाला?

नेटका_नाना
व्हीपीएन टाका, सगळा डेटा कुलूपबंद होऊन दुसऱ्या सर्व्हरमार्गे जातो. फुकटात मिळतात ढिगाने.

गबाळग्रंथी
फुकट व्हीपीएन म्हणजे पोरांऐवजी अनोळखी कंपनीला सगळं दाखवणं. चाकरमानी, कंपनीचा व्हीपीएन असेलच ना?

चाकरमानी_कल्याण
लॅपटॉपला आहे, त्याशिवाय लॉगिनच होत नाही. फोनला नाही. फॉर्मचं वाक्य पूर्ण टाकतो: 'घरचं वायफाय एन्क्रिप्टेड आहे व त्याचा पासवर्ड कुटुंबाबाहेरील कोणासही ठाऊक नाही.' आता हो की नाही तेवढं सांगा.

माईसाहेब
हो करून टाका. ते फॉर्म कोणी वाचत नाही.

बिनतारी
वाक्याचा दुसरा अर्धा आत्ता देताय! सरळ 'नाही' करा आणि शेऱ्यात लिहा की सगळं काम कंपनीच्या व्हीपीएनमधून होतं. काही घडलं तर पहिला तोच कागद वर काढतात, माई.

मग स्वतःचा छोटा राउटर घ्या, डब्ल्यूपीए३ वाला. काकांच्या राउटरपासून केबल वर आणून त्यात लावा. पासवर्ड नवा, चार-पाच असंबद्ध मराठी शब्दांचा, रोमन लिपीत. डब्ल्यूपीएस बंद करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण तपासणी दोन तुकड्यांत होते आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, म्हणून ११,००० प्रयत्न पुरतात. एवढं केलं की हवेतून ऐकणारी मुलं बाद. काकांच्या राउटरमधून रहदारी जाईलच, ते टाळायचं तर स्वतःचं कनेक्शन. केबल येईपर्यंत फोनचं इंटरनेट यूएसबीने लॅपटॉपला द्या.

चाकरमानी_कल्याण
काकांना केबलचं काय सांगू? अविश्वास दाखवल्यासारखं वाटेल.

माईसाहेब
सांगा की वर रेंज येत नाही. ते स्वतः वायरमन बोलावतील.

नेटका_नाना
माई, आज पहिल्यांदा पटलं.

चाकरमानी_कल्याण
'नाही' टाकून फॉर्म पाठवला. शेऱ्याला २०० अक्षरांची मर्यादा होती, कसंबसं बसवलं. आभार.

सोनचाफा
धागा पळवतेय, क्षमस्व. घरचा राउटर डब्ल्यूपीए३ वर टाकला तर जुना प्रिंटर जोडलाच जात नाही. तो टाकून देऊ का?

गबाळग्रंथी
प्रिंटरचं मॉडेल?

सोनचाफा
काळा आहे.