२२क्यू११.२ डिलीशन: सहा महिने फुंकरीचे व्यायाम, तरी ‘बाबा’चं ‘मामा’च

नवी_क्लिनिशियन
साडेचार वर्षांचं मूल, मायक्रोअरेमध्ये (गुणसूत्रांची तपासणी) २२क्यू११.२ डिलीशन, म्हणजे २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गायब. टाळू उघडा फाटलेला नाही, पण पडजीभ टोकाला दुभंगलेली. बोललेलं बऱ्यापैकी समजतं. त्याचं बोलणं मात्र घरच्यांखेरीज कुणाला कळत नाही. ‘बाबा’चं ‘मामा’ होतं. ‘काका’ आणि ‘टाटा’ दोन्ही सारखेच, घशात झटका देऊन ‘आ-आ’. ‘साखर’मधला स नाकातून फुसफुसतो. म, न, ल, य स्वच्छ. आधीच्या ठिकाणी सहा महिने शिट्ट्या, स्ट्रॉ, मेणबत्ती विझवणं झालंय, फरक काही नाही. थेरपी पुढे चालवू की आधी ऑपरेशनसाठी पाठवू?

टाळूवाला
शिट्ट्या आजच बंद करा. फुंकताना टाळू उचलला गेला तरी तो बोलताना उचलला जाईल असं नाही. मेंदूकडून येणारी हालचालच वेगळी असते. बिचारे आईवडील मात्र मन लावून मेणबत्त्या विझवत बसतात.

तुम्ही लिहिलेल्या तीन चुका एका जातीच्या नाहीत, आणि उत्तर तिथेच आहे. मुलाचं नाक हलकेच चिमटीत धरा आणि तेच शब्द पुन्हा म्हणून घ्या. नाक बंद केल्यावर ‘मामा’चं ‘बाबा’ झालं, तर ओठ बरोबर जागी आहेत, फक्त हवा वर निसटतेय. ही चूक टाळूची आहे, कितीही सराव केला तरी थेरपीने जाणार नाही. नाक बंद करूनही ‘काका’चं ‘आ-आ’च राहिलं, तर मुलाने क हा आवाज तोंडाऐवजी स्वरयंत्रात करायची सवय लावून घेतलीय. ती ऑपरेशनने जात नाही, शिकवूनच घालवावी लागते. आणि नाक दाबताच स अजिबात थांबला, तर तो अख्खा नाकातच तयार होतोय, तीही सवयच.

गेंगाणेपणा जोखायचा तर वाक्यात म, न, ण नकोत. ‘बाबा बाजारात गेले’ चालेल. ‘मामी आली’ म्हणून घेतलंत तर काहीच कळणार नाही.

पडजीभ दुभंगलेली आहे म्हणता, तर टॉर्च घेऊन टाळूच्या मधोमध निळसर, पातळ पट्टा दिसतो का बघा. कठीण टाळूच्या मागच्या कडेला बोटाला खाच लागते का, तेही बघा. वरून कातडी शाबूत आणि आतले स्नायू जुळलेले नाहीत, असा टाळू नजरेतून सहज सुटतो. खाच नसली तरी या सिंड्रोममध्ये घसा खोल, टाळू सैल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) लहान असण्याची शक्यता असतेच.

नवी_क्लिनिशियन
नाक दाबून पाहिलं. ‘बाबा’ स्पष्ट आलं. ‘काका’, ‘टाटा’ तसेच. स बंद पडला. खाच लागतेय. ‘काका’ला सुरुवात कुठून करू?

टाळूवाला
क पासून नको, तो दिसत नाही. घशातला झटका म्हणजे स्वरतंतू घट्ट मिटणं, म्हणून ते उघडे ठेवणारे आवाज घ्या. मराठीत महाप्राण, म्हणजे श्वास सोडत म्हणायची, व्यंजनं आयतीच आहेत. आधी ‘ह्ऽऽ’ असा नुसता श्वास. त्यावर ओठ मिटून उघडायचे: फ. तो कुजबुजत घ्यायचा, आवाज न लावता. हा फ दोन्ही ओठांचा हवा. पुष्कळ घरांत ‘फळ’ ओठावर दात टेकवून म्हणतात, ते आधी विचारून घ्या. मग थ, ठ, शेवटी ख. ‘फा, फी, फू’ कुजबुजीत जमलं की हळूहळू आवाज लावायचा आणि ह कमी करत ‘पा’वर यायचं. व्यंजन आणि स्वर यांच्या मध्ये झटका ऐकू आला की लगेच मागच्या पायरीवर.

स साठी ‘चाक’, ‘चूल’मधला च वापरा, ‘चहा’तला नव्हे. त्यात त आणि स दोन्ही आहेत. नाक दाबून ‘च’, मग शेपूट लांबवत ‘च्स्स्स’. मुलासमोर ‘स’ असं म्हणूच नका. स ऐकला की जुनी सवय जागी होते. त्याला ‘लांब च’ म्हणा. जमल्यावर नाक सोडायचं.

घसातज्ज्ञ_ताई
ऑपरेशनबद्दल माझं मत: पाठवा, पण तोंडातले दोन-तीन आवाज आल्यावर. नेझोएन्डोस्कोपीत (नाकातून कॅमेरा घालून टाळू बघताना) मूल सगळंच घशातल्या झटक्याने बोललं तर टाळू उचललाच जात नाही आणि फट आहे त्याहून मोठी दिसते. त्यावर ठरवलेलं ऑपरेशन चुकू शकतं.

सर्जनला डिलीशनचं नाव लिहूनच कळवा. या मुलांत मानेतली कॅरोटिड धमनी कधीकधी मधल्या रेषेकडे, थेट घशाच्या मागच्या भिंतीत सरकलेली असते. फ्लॅप (घशाच्या मागच्या भिंतीचा पट्टा टाळूला जोडणं) घेण्याआधी ती पाहावी लागते. रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगा. घोरणं असेल तर झोपेची तपासणी आधी, कारण फ्लॅपने श्वासाची वाट अरुंद होते. आणि सर्दी-घोरण्यासाठी कुणी अ‍ॅडेनॉइड काढायला सुचवलं तर आधी टाळूच्या टीमला विचारा. तेवढ्या गाठीवर टाळू टेकत असेल तर ती काढल्यावर गेंगाणेपणा वाढतो.

टिंपॅनोमेट्री (कानाच्या पडद्यामागची तपासणी) आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) झाली नसेल तर या आठवड्यात करा. कानात पाणी साचलेलं असताना स शिकवणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत कानाची आणि वाचेची तपासणी होते.

सरावाचं_गणित
एक भर. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोज १० ते १५ मिनिटं घ्या आणि त्यात नेमका आवाज शंभरेक वेळा काढून घ्या. सुटा आवाज, मग अक्षर, शब्द, दोन शब्द, वाक्य. दहातले आठ-नऊ बरोबर आल्याशिवाय वरची पायरी नको. एकच शब्द दर वेळी वेगळा चुकत असेल, स्वरही बदलत असतील, तर हालचाल आखण्यातली अडचण, म्हणजे अ‍ॅप्रॅक्सिया, सोबत असू शकतो. मग एका वेळी पाचच शब्द, तुमच्या तोंडाकडे बघत, आधी सावकाश तुमच्यासोबत, नंतर एकट्याने. बोलणं कळू लागेपर्यंत खुणा आणि चित्रांचा तक्ता द्या. त्याने बोलणं मागे पडत नाही, चिडचिड कमी होते.

नवी_क्लिनिशियन
ऑडिओमेट्री सोमवारी ठरवली. ‘बाबा’वर सराव आत्ता घ्यायचाच नाही का?

टाळूवाला
नाही. तो शब्द ऑपरेशननंतर पाहू. घरी कुणी ‘नीट बाबा म्हण’ म्हणून दटावत असेल तर तेही थांबवा; ओठ तर बरोबर मिटताहेत.