उबंटू काढून टाकायची गरज नाही
विंडोज ११ टाकलं की त्याच मशीनवर शेजारी असलेलं उबंटू (लिनक्सवर आधारलेली दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) पुसलं जातं, म्हणून ते आधीच काढून टाका, असा सल्ला तुम्हाला मिळालाय. कृपया तसं करू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे घाई समजते. पण विंडोजच्या आतून सेटअप चालवला तर तो लिनक्सच्या पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या त्या वेगळ्या भागाला, हात लावत नाही. पेनड्राइव्हवरून बूट करून, पार्टिशनच्या यादीत चुकीच्या ओळीवर ‘डिलीट’ दाबलं की मात्र घात होतो.

अपग्रेडनंतर कधीकधी मशीन सरळ विंडोजमध्येच उघडतं, कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणारा ग्रबचा मेनू दिसत नाही आणि माणूस घाबरतो. ग्रब तिथंच असतं, मशीन सुरू करायच्या फाइल्स असलेल्या ईएफआय पार्टिशनमधल्या ‘उबंटू’ फोल्डरमध्ये. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन बूटच्या क्रमात ‘उबंटू’ सगळ्यात वर आणा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूटची (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरला मशीन सुरू करू देणारी) सेटिंग बदलली की ही की मागितली जाऊ शकते.

आणि डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर जरा थांबा, कारण विंडोज ११ साठी ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलावी लागते. एमबीआर-टू-जीपीटी हे विंडोजचं साधन लॉजिकल पार्टिशन (मोठ्या पार्टिशनच्या आत केलेलं पार्टिशन) असलेली डिस्क बदलून देत नाही, आणि अशा मशीनवर उबंटू बऱ्याचदा लॉजिकलमध्येच असतं. तिथं उबंटूतल्या तुमच्या फाइल्सच्या होम फोल्डरचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय काहीही सुरू करू नका.